खारव्याच्या रुमालातले चणे

लोक काशीला मरायला येतात. आम्ही त्या वर्षी मरण चुकवायला काशीतून बाहेर पडलो, आणि तेही फार लांब नाही, गंगेच्या पलीकडे, समोरच्या रेतीवर. होळीच्या आधीच दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत उंदीर पडायला लागले होते. पहिला समोरच्या तांबटाच्या दुकानात पडला, दुसरा आमच्या जिन्याखाली. तिसरा सापडेपर्यंत निम्मी बिऱ्हाडं गाठोडी बांधून आपापल्या गावी निघून गेली होती. आम्हाला जायला गाव नव्हतं. पणजोबा कोकणातून शास्त्र शिकायला म्हणून आले आणि इथेच राहिले. कोकणातलं घर नेमकं कुठल्या गावात होतं हे आमच्यात कुणाला धड ठाऊक नव्हतं. शेवटी आमचा नावाडी बिसेसर म्हणाला की रेतीवर त्याची खरबुजाची वाडी आहे, तिच्याजवळ तो सरपताच्या गवताच्या दोन झोपड्या उभारून देईल, रोग ओसरेपर्यंत पंडीजींनी, म्हणजे अप्पांनी, तिथे राहावं.

आत्याने साफ नकार दिला. आत्या म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन ती भावाकडे आली आणि तेव्हापासून घर तिच्या धाकात होतं. काशीत मेलं तर मोक्ष, पण गंगापार मेलेला पुढच्या जन्मी गाढव होतो, हे तिला पक्कं माहीत होतं. प्लेगाने मरायला ती तयार होती, गाढव व्हायला नव्हती. अप्पांनी तिच्याशी वाद घातला नाही. शास्त्रार्थाला बसले की ते समोरच्याला बोलू देत नसत, असं मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे. घरात मात्र त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. त्यांनी नुसत्या पोथ्या बांधायला घेतल्या. सरकारी माणसं घरात शिरून भिंतींवर औषध मारतात, दिसेल ते सामान गल्लीत काढून जाळतात, अशी आवई तेव्हा उठली होती. पोथ्या निघाल्या म्हणजे भाऊ निघाला, आणि भाऊ निघाला म्हणजे त्याला जेवायला कोण घालणार, एवढं आत्याला कळत होतं. ती देवांचा डबा आणि सोवळ्याची भांडी घेऊन नावेत बसली आणि अर्ध्या पात्रात गंगेला हात जोडून म्हणाली, "परत येईपर्यंत मला काही होऊ देऊ नकोस, पुढचं तुझ्यावर."

मी तेव्हा दहा वर्षांची होते. आई आदल्या श्रावणात तापाने गेली होती. आई असताना अप्पांचं आणि माझं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. अप्पा म्हणायचे, "गोदूला सांग, दौत भरून ठेव." मी तिथेच दोन हातांवर बसलेली असायची, तरी आई माझ्याकडे वळून म्हणायची, "गोदू, दौत भरून ठेव गं." मग मी म्हणायचे, "आई, अप्पांना सांग, भरली." यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या वेळी बहुतेक घरांत असंच असे. पण मधलं माणूस गेलं आणि आम्ही दोघं दोन काठांवर राहिल्यासारखे झालो. अप्पा दौतीकडे बघायचे, मी ती भरून ठेवायची. आठ महिन्यांत त्यांनी माझं नाव घेऊन मला हाक मारल्याचं मला आठवत नाही. ते माझ्यावर रागावले आहेत, आईच्या आजारात माझ्या हातून काहीतरी चुकलं असावं आणि ते त्यांना ठाऊक असावं, असं मी मनाशी धरून चालले होते. त्या वयात माणूस असं काहीही धरून चालतं, आणि विचारायची हिंमत होत नाही.

रेतीवर पहिले दोन-चार दिवस मौजेचे गेले. एवढी मोकळी जागा मी जन्मात पाहिली नव्हती. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला पाठ लावावी लागे. इथे नजर पोचेल तिथवर वाळू, आणि खूप लांब मागे झाऊची झुडपं, त्यांच्याही मागे आंब्याची झाडं. सकाळी आमच्या पाठीमागून सूर्य वर यायचा आणि समोर सगळी काशी उजळायची. पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे दोन्ही धरहरे, म्हणजे मिनार, तेव्हा उभे होते; आता त्यांतला एकही नाही. बालाजीच्या देवळातली सनई पाण्यावरून यायची, पण अर्धी वाऱ्यात सांडून. मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर मात्र त्या दिवसांत तुटत नसे. मी तिकडे बघायला लागले की आत्या काहीतरी काम सांगायची. तिची स्वतःची निराळीच लढाई चालू होती. चुलीभोवती सोवळ्याची रेघ ओढायची तर वाळूत ती राहीना. बोटाने ओढली की वारा पुसून टाकायचा. ती पुन्हा ओढायची आणि वाऱ्याला शिव्या द्यायची. भात, पिठलं, ताक, सगळ्यात वाळू. कोकणच्या यात्रेकरूंनी दिलेली आमसुलं तिने जपून आणली होती, त्यांच्या सारातही दाताखाली कचकच यायची. अप्पा ती न बोलता चावून गिळत.

चार दिवसांनी मौज संपली. खेळायला कुणी नव्हतं. आत्या स्वयंपाक आणि जपात, अप्पा त्यांच्या झोपडीच्या दारात पाटावर कागद घेऊन. आजोबांनी न्यायशास्त्रावर एक टीका लिहिली होती. तिची ती एकच पोथी होती, आणि तिची पानं कडेने झडायला लागली होती म्हणून अप्पा शुद्ध प्रत करत होते. जेमतेम तिसरा हिस्सा झाला होता. हे काम पुरं होईपर्यंत मला काही होऊ नये, असं ते आईला म्हणायचे. दुसरं काही मागताना मी त्यांना ऐकलं नाही. मला त्यांनी, म्हणजे आत्याकरवी, एक काम नेमून दिलं होतं. दुपारी रोज एकेका पोथीला ऊन दाखवायचं. जुन्या घरांच्या ओलीने पोथ्यांना कसर लागते, म्हणून वर्षातून एकदा त्या उन्हात काढतात. ही पानं शिवलेली नसतात. सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, आणि भोवती खारव्याचा, म्हणजे जाड्या लाल कापडाचा, रुमाल घट्ट बांधलेला. चटईवर पोथी ठेवायची, ऊन सरकेल तशी सरकवायची आणि हातात काठी घेऊन बसायचं. आजोबांची पोथी तेवढी कधी सोडायची नाही. तिला रुमालातच ऊब द्यायची, नाहीतर पानं वाऱ्याला टिकायची नाहीत.

माकडं मला तिथे भेटली. भेटली हाच शब्द बरोबर आहे. माकड ही काय काशीच्या पोरीला नवलाची गोष्ट नव्हती. पण आमच्या गल्लीतली माकडं शिकलेली होती. ती वाळत घातलेलं धोतर पळवायची, कठड्यावर नेऊन बसायची आणि खाली कुणी चणे टाकले की धोतर सोडून द्यायची. पापडातला जिऱ्याचा आणि मिऱ्याचा त्यांना फरक कळायचा. पलीकडची माकडं अगदी अडाणी. झाऊच्या झुडपांतून सहा-सात जण बाहेर आली, लांब वाळूत बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. दात विचकणं नाही, धावून येणं नाही. त्यांनी बहुधा एवढ्या जवळून माणूस पाहिलं नसावं. मीही त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्याकडे कुणी इतका वेळ टक लावून बघितल्याला फार दिवस झाले होते.

बिसेसर एक दिवसाआड नावेतून दूध, भाजी आणि माझ्यासाठी भडभुंज्याकडचे चणे आणायचा. चणे ठेवायला आत्याने मला एक फाटका खारव्याचा रुमाल दिला होता, एका जुन्या पोथीचा. आमच्या घरात दुसरी फडकी कुठून असणार? मी रुमालाची गाठ सोडायची, दोन मुठी वाळूत टाकायची आणि मागे सरकायची. तिसऱ्या दिवशी माकडं पुढे आली. आठवडाभरात त्यांच्यातली एक मोठी माकडीण, छातीला पिल्लू धरलेली, माझ्यापासून चार हातांवर येऊन बसायला लागली. मी रुमाल हातात घेतला रे घेतला की तिची नजर गाठीवर. बिसेसरने मला सावध केलं होतं. "ए बबुनी, बानर के परच मत लगावा," तो म्हणाला होता, म्हणजे माकडांना चटक लावू नकोस. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून तो नसताना चणे टाकू लागले. चणे टाकता टाकता मी त्यांच्याशी बोलायची. मोठ्याने बोलायची, मराठीत. आमच्या भाच्या-पुतण्यांची मुलं हे ऐकून हसतात. "मराठी समझते थे बंदर?" असं विचारतात. त्यांची मराठी ऐकली तर माकडांचीच बरी होती म्हणायची वेळ येईल.

झालं ते दुसऱ्या आठवड्यात. बिसेसरची नाव तीन दिवस आली नव्हती. त्याच्या वस्तीत कुणी गेलं होतं, हे नंतर कळलं. चणे आदल्या दिवशीच संपले होते. त्या दुपारी चटईवर आजोबांची पोथी होती, रुमालात बांधलेली. आत्या जेवून कलंडली होती. अप्पा आपल्या झोपडीत होते. माकडं नेहमीच्या वेळी आली आणि नेहमीच्या जागी बसली. मी त्यांना दोन्ही हात पालथे-उलथे करून दाखवले. "आज नाही गं बाई काही," असं त्या माकडिणीला म्हटल्याचंही आठवतं. तिने माझ्या हातांकडे पाहिलं नाही. ती माझ्या मागे पाहत होती. लाल रुमाल, वर गाठ. तिला मीच शिकवलं होतं की लाल रुमालात काय असतं.

मी वळेपर्यंत ती पोथी घेऊन पळाली होती. जड होती म्हणून फार लांब नेता आली नाही तिला. वीस-पंचवीस पावलांवर तिने गाठीला दात लावले, रुमाल ओढला, फळी निसटली, आणि चणे नाहीत असं दिसल्यावर तिने पानांची एक चवड उचलून फेकून दिली. बाकीची माकडं तुटून पडली. तेवढ्यात वारा आला. मी ओरडत धावले, पण कुठल्या पानामागे धावायचं तेच कळेना. पिवळी पानं वाळूवरून कडेकडेने घरंगळत नदीकडे चालली होती. अप्पा धोतर सावरत धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ते पळणारे गृहस्थ नव्हते. दोनदा पडले. आत्याने सोवळं-ओवळं विसरून पदराची झोळी करून पानं गोळा केली. बिसेसर नेमका तेव्हाच नाव लावत होता. तो वल्हं घेऊन माकडांमागे धावला, मग कंबरभर पाण्यात शिरून भिजलेली पानं काढत राहिला. ऊन उतरेपर्यंत आम्ही चौघं वाळूत वाकून फिरत होतो. अकरा पानं मिळाली नाहीत.

ती अकरा पानं आजही कोरी आहेत. अप्पांनी शुद्ध प्रत पुढे पुरी केली, पण त्या जागी नुसते आकडे घालून कोरे कागद ठेवले. त्यांना मजकूर पाठ नव्हता असं नाही, पण वडिलांचा शब्द आणि आपला शब्द यांची सरमिसळ होईल याचं त्यांना भय होतं. म्हातारपणी मी ती प्रत एका ग्रंथालयाला दिली. तिथल्या गृहस्थांनी विचारलं की ही पानं कोरी का? मी म्हटलं, माकडं. त्यांनी मला अदबीने खुर्ची दिली आणि पाणी मागवलं.

त्या संध्याकाळी आत्याला कुणीतरी सापडायला हवं होतं, आणि बिसेसर सापडला. त्याच्या खरबुजांमुळे माकडं इकडे येतात, त्याने आम्हाला मुद्दाम वाडीच्या कडेला आणून टाकलं, असं ती म्हणाली. भिजल्या अंगाने उभा असलेला तो बिचारा म्हणाला, "माई, खरबूज त अबहीं फूल में हौ. बानर का खाए आई?" खरबुजं खरंच अजून फुलातच होती, पण आत्याने ऐकलं नाही. उद्यापासून तुझी नाव आमच्याकडे लावू नकोस, मी दुसरा मल्लाह बघीन, असं तिने सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिच्या मागेच उभा होता. बिसेसर अप्पांकडे बघत थोडा वेळ थांबला. अप्पा पानं लावत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. मग तो नाव ढकलून निघून गेला. त्याच्या घरी तीन दिवसांपूर्वी भाऊ गेला होता. ते त्याने त्या वेळी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आज ऐंशीच्या घरात ही गोष्ट लिहिताना मला पोथीपेक्षा तो निघून गेलेला जास्त बोचतो.

तो दिसेनासा होईपर्यंत मी गप्प होते. मग मला राहवेना. शिक्षेची भीती मला वाटत नव्हती. अप्पा मारणारे नव्हते. भीती वेगळी होती. आईबद्दल माझ्या मनात एक संशय होता, पण तो संशयच होता. हे मात्र मी खरोखर केलं होतं, आणि हे कळल्यावर अप्पा जन्मात माझ्याशी बोलणार नाहीत, अशी माझी खात्री होती. तरी मी त्यांच्या झोपडीच्या दारात जाऊन उभी राहिले. ते सरळ त्यांनाच सांगायचं होतं, आणि कुणाच्या तरी मार्फत सांगायची सवय अजून जायची होती. मी आधी आत्याकडे पाहिलंसुद्धा. ती पाठमोरी चूल लिंपत होती.

"अप्पा, माकडांना चणे मीच घालत होते," मी म्हटलं. "खारव्याच्या रुमालातले. बिसेसरचं काही नाही त्यात."

त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

मी मान वर केली.

"मी बघत होतो रोज," ते म्हणाले. "इथून दिसतं. सांगणार होतो की नको घालूस. पण म्हटलं, कुणाशी तरी बोलते आहे पोर."

मी रडेन असं मला वाटलं होतं. मला राग आला. इतका राग मला पुढे आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे. चाळीस पावलं, जास्त नाही. मी रोज त्या माकडांसमोर बसून बोलत होते आणि हा माणूस चाळीस पावलांवर बसून ते बघत होता.

"मग तुम्ही का नाही आलात?" मी विचारलं.

आत्याचा चुलीवरचा हात थांबला. आमच्या घरात बापाला असं कुणी विचारत नसे. अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मोठमोठ्या पंडितांची तोंडं बंद करणाऱ्या माझ्या वडिलांनी पान पुन्हा उचललं, सदतीसच्या खाली एकोणचाळीस लावलं, चूक ध्यानात आली, काढलं, आणि हातात धरून बसले. मी निघून आले. त्या रात्री मी जेवले नाही आणि मला कुणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान-संध्या आटोपून अप्पा एकटे वाडीकडे चालत गेले. बिसेसर वेलींना पाणी घालत होता. मी लांबून पाहिलं, शब्द ऐकू आले नाहीत. अप्पांनी हात जोडले. मल्लाहापुढे हात जोडणारा आमच्यातला ब्राह्मण मी तोवर पाहिला नव्हता, बिसेसरनेही नसावा, कारण तो मागे सरकला. मग दोघं बांधावर खाली बसले. भावाचं तेव्हा कळलं. परत आल्यावर अप्पा आत्याला एवढंच म्हणाले, "अक्का, चूक आपल्या घरातली होती. नाव येईल." आत्याने तोंड फिरवलं, पण संध्याकाळी दूध आलं तेव्हा तिने बिसेसरला ताक आणि गुळाचा खडा दिला. तिच्या दृष्टीने एवढी क्षमायाचना पुष्कळ होती.

त्याच दुपारी मी पोथी नसलेल्या चटईवर बसले होते. काम काढून घेतलं नव्हतं, पण ऊन दाखवायला पोथी कुणी दिलीही नव्हती. माकडं आली नाहीत. वल्ह्याचा धाक असेल, किंवा रुमालात चणे नसतात असं त्यांनी ठरवलं असेल. मागे वाळू वाजली. अप्पा येऊन चटईच्या दुसऱ्या टोकाला बसले. माझ्या बाजूला नाही, समोर नाही, टोकाला. आम्ही दोघं झाऊच्या झुडपांकडे बघत बसलो, जणू त्यांनीच येऊन बोलणं सुरू करून द्यायचं होतं. वारा सुटला होता.

"गोदू," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काय अप्पा?"

"त्यांच्याशी काय बोलायचीस?"

"काही नाही. दिवसभरात काय झालं ते."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "सांग."

आठ महिन्यांचं साठलेलं होतं माझ्याकडे. आईचं विचारायचं होतं, माझ्या हातून काही चुकलं होतं का ते विचारायचं होतं. पण ऐन वेळी त्यातलं काहीच ओठांवर आलं नाही. मग मी म्हटलं की आज आत्याच्या हातून पिठलं खाली लागलं, आणि तिने वरचं वरचं आपल्याला वाढलं, आणि खरवड स्वतः खाल्ली, आणि कुणाला कळू नये म्हणून पातेलं लगेच वाळूने घासून टाकलं. तेच पिठलं अप्पा तासापूर्वी जेवले होते. ते माझ्याकडे वळून बसले आणि त्यातलं काहीच ठाऊक नसल्यासारखं म्हणाले, "हो का? मग?"